काळा मुखवटा, साठ पौंड आणि एप्रिलची घाई

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इंग्लंडमध्ये श्रॉपशायरला, वेल्सच्या सीमेजवळ राहणाऱ्या एका वाचकाकडे काजळ नावाची दोन वर्षांची फेरेट मादी आहे. (फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगकाठीचा, लांबुडका, माणसाळवलेला प्राणी. सशांच्या बिळात सोडला की ससे बाहेर पळतात आणि बिळाच्या तोंडावर लावलेल्या जाळ्यात अडकतात.) काजळचं अंग गडद, तोंडावर काळा मुखवटा, तिथे याला पोलकॅट रंग म्हणतात (पोलकॅट म्हणजे फेरेटचा जंगली पूर्वज). गेल्या हिवाळ्यापासून ती शेजारच्या शेतावर छान काम करतेय. ज्यांच्याकडून ती आली ते शेतकरी आजोबा म्हणतात, वसंतात तिला नर दाखवलाच पाहिजे, नाहीतर मरेल. ओळखीच्या एकाने नर देऊ केलाय, 'अर्धा जंगली पोलकॅट', बदल्यात दोन पिल्लं. दुसरा पर्याय आजोबांचाच पांढरा नर, चार हिवाळे काम केलेला, स्वभावाने गाय, पण मग पिल्लं पांढरी होतील आणि पैसे येणार नाहीत ही वाचकाची भीती. आजोबा पिल्लू १५ पौंडांना देतात, जाहिरातीत 'पोलकॅट हायब्रिड', म्हणजे जंगली पोलकॅटशी संकर, ८० पौंडांना दिसतं, याच्या मनात ६० आहे. आजोबांचं मत चावरा फेरेटच कामाचा, बायकोचं मत घरात लहान मुलगी आहे, चावरं काही नको. "ताई, काम आणि स्वभाव दोन्ही कसं साधू, आणि भाव किती लावू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू भावाचं विचारतोयस पण पत्रात सगळीकडे घाई आहे, एप्रिलच्या आत नर ठरवायचाय, एप्रिलच्या आत गिऱ्हाईक बघायचंय. ही घाई आजोबांच्या त्या एका वाक्याने लावलीये, म्हणून आधी त्याचंच बघू, भाव नंतर.

आजोबा अर्धं बरोबर सांगतायत, आणि ते अर्धं जिवाचं आहे, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नकोस. फेरेट मादीला, म्हणजे जिलला, नराशी संग झाल्याशिवाय बीजांड सुटत नाही. एकदा ती माजावर आली की काहीच झालं नाही तर आठवड्यांमागून आठवडे तशीच राहते, साधारण मार्चपासून दिवस मोठे असेपर्यंत, आणि तेवढा काळ अंगात इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन चढलेलं राहिलं की ते हाडांतल्या मगजावर घाला घालतं, रक्तपेशी बनणं कमी होत जातं, हिरड्या पांढुरक्या पडतात, अंगावरचे केस विरळ होतात, मागचे पाय लटके पडतात, आणि हे दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणजे तिला तशीच सोडून चालणार नाही हे खरं. पण त्यावर पिल्लं हा एकमेव उपाय, हे खरं नाही. नसबंदी केलेला नर असतो, तिकडे त्याला हॉबलेट म्हणतात, तो संग करतो, जिलचा माज उतरतो, खोटी गर्भधारणा राहते सहाएक आठवडे, पिल्लं होत नाहीत (त्याच हंगामात ती परत माजावर येऊ शकते, तेव्हा परत न्यावं लागतं). व्हेटकडे हार्मोनचं इंजेक्शन मिळतं, फेरेटवाले त्याला जिल जॅब म्हणतात. कातडीखाली बसवायचं इम्प्लांट मिळतं, ते जास्त दिवस चालतं, पण पुढच्याच वर्षी पिल्लं घ्यायचा विचार असेल तर ते बसवण्याआधी व्हेटशी नीट बोल. ऑपरेशन करून अंडाशय काढण्याचा मार्गही आहे, पण त्याचा पुढे ॲड्रिनल ग्रंथीच्या आजाराशी संबंध दिसून आलाय म्हणून आता बरेच व्हेट आधी इम्प्लांट सुचवतात, आणि काजळपासून कधीतरी पिल्लं हवी असतील तर तुझ्यासाठी तो प्रश्नच नाही.

काजळ या वर्षी एकही पिल्लू न घालता ठणठणीत राहू शकते. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

आता तो काळा मुखवटा. तू लिहिलंयस की गडद फेरेट जास्त जंगली आणि जास्त जंगली म्हणजे जास्त कामाचा, आणि हे इतकं सहज लिहिलंयस की त्यावर कधी शंका आलीच नसावी. बघ, युरोपातला जंगली पोलकॅट माणसाळवून फेरेट झाला, त्याला दोन हजार वर्षांच्या वर झाली. गडद अंग आणि मुखवटा हा मूळचा रंग आहे, तो टिकून राहिलाय इतकंच. सातव्या पिढीचं घरात लोळणारं, मुलांच्या मांडीवर झोपणारं फेरेटसुद्धा तसंच दिसतं. अंगाचा रंग बघून रक्तात किती जंगल आहे ते कळत नाही, आणि खरी संकरित पिल्लंसुद्धा नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाहीत, जंगली पोलकॅटची मोजणी करणारे लोकही फोटो बघून कित्येकदा 'बहुतेक' एवढंच म्हणू शकतात. जाहिरातीतलं ८० पौंडांचं 'पोलकॅट हायब्रिड' हे बऱ्याचदा नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असं असतं, साधं गडद फेरेट, नाव तेवढं जंगली. त्या ८० शी तुलना करून तू ६० ठरवलेस, म्हणजे मुळात चुकीच्या पट्टीने मोजलंस.

आणि समजा तो नर खरंच अर्धा जंगली असला तर? मग तर माझी काळजी वाढते. तुझ्या भागात खरे पोलकॅट आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीच्या जमिनी राखणाऱ्यांनी त्यांना इतकं मारलं होतं की मुख्यतः वेल्सच्या मध्यभागात थोडे उरले, तिथून ते हळूहळू सीमा ओलांडून तुझ्या परगण्यात आणि पुढे इंग्लंडच्या मध्यभागात परत पसरले, बहुतांशी आपोआप. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने परवान्याशिवाय त्यांना सापळ्यात पकडायला बंदी आहे. तेव्हा त्या ओळखीच्याला पहिला प्रश्न हा विचार की जंगली बाप किंवा आई आली कुठून. उत्तर देताना तो अडखळला तर तिथेच थांब. शिवाय अशा संकरातली पिल्लं सुटून गेली की ती जंगलातल्या पोलकॅटशी सहज जुळतात, पिल्लंही होतात, आणि शंभर वर्षांनी परत आलेल्या त्या जनावराचं रक्त पातळ होत जातं. बिळात सोडलेला फेरेट कधीतरी हरवतोच, ठावठिकाणा सांगणारी कॉलर लावली तरी, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

कामाच्या दृष्टीनेही त्यात काही फायदा नाही. जंगली रक्त जवळचं असलं की पहिलं काय येतं तर भीती. दिवसभर पेटीत दडून राहणं, हात आला की फिस्कारणं, घाबरून घाण वास सोडणं. जंगली पोलकॅटचं अख्खं आयुष्य माणसापासून लांब राहण्यावर चालतं, आणि फेरेटचं अख्खं काम माणसाकडे परत येण्यावर. तुला बिळातून बाहेर येऊन बुटापाशी उभी राहणारी जिल हवीये ना? मग जे रक्त तिला उलट दिशेला ओढतं ते मुद्दाम घालायचं कशाला.

आजोबांच्या 'चावरा तोच कामाचा' या म्हणण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे मी स्वतः मानत होते आणि त्यात एक चांगली जिल वाया घालवली.

माझी पहिली जिल बिळात अप्रतिम होती, आत गेली की दोन मिनिटांत जाळी हलायची. पण काम झालं की तोंडाशी येऊन थांबायची, नुसतं नाक बाहेर, मिशा हलतायत, डोळे माझ्या हातावर, आणि मी हात पुढे केला की सर्रकन मागे. परत नाक, परत हात, परत मागे. थंडीत गुडघ्यावर बसून हा खेळ अर्धा अर्धा तास चालायचा. तिथले लोक याला स्कल्किंग म्हणतात. मी सगळ्यांना सांगायचे की तिच्यात जंगली रक्त आहे म्हणून असं. चार वर्षं सांगितलं! मग एका जुन्या जाणत्या बाईंनी माझा हात बघितला, फेरेटकडे बघितलंच नाही, आणि म्हणाल्या, तू झडप घालतेयस. खरंच घालत होते. ससा जाळीत धडपडत असायचा, दोन्हीकडे लक्ष, त्यामुळे नाक दिसलं की मी मानेला धरून ओढायचे. तिने शिकून घेतलं की बाहेर येणं म्हणजे ओढलं जाणं. त्याच जिलची मुलगी, तीच अंगकाठी, तोच मुखवटा, तिच्यासाठी मी नियम केला: पूर्ण बाहेर येईपर्यंत हात मांडीवर, मग हात जमिनीलगत, उघडा, खांद्याखालून उचलायचं आणि लगेच पेटीत न कोंबता थोडं छातीशी धरायचं. ती शेवटपर्यंत आपणहून बुटावर चढत राहिली.

आईला चावरी आणि लबाड मी केलं होतं आणि दोष रक्ताला देत होते. तुझ्या आजोबांच्या चावऱ्या फेरेटांपैकी किती जन्मतः तसे आणि किती पिंजऱ्यातून हातमोजे घालून उचलल्यामुळे तसे, हे एकदा त्यांच्या गोठ्यात उभं राहून नुसतं बघ, त्यांना काही बोलू नकोस, मोठा माणूस आहे.

आणि कामाचंच बोलायचं तर दात लागतो कुठे? फेरेटने ससा बाहेर हाकलायचा असतो. आत मारला तर तो तिथेच खाऊन झोपतो, मग तू फावडं घेऊन खणत बसतोस. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधल्या सशांच्या शिकारीचं लिहून ठेवलंय, त्यातही माणसं त्या प्राण्याचं तोंड बांधून बिळात सोडतात. म्हणजे दात वापरू नयेत हीच अपेक्षा तेव्हापासूनची. हवी ती चिकाटी, नाक, आणि अंधाऱ्या बिळात न घाबरता पुढे जाण्याची हिंमत. हिंमत आणि चावरेपणा यांची आपण गल्लत करतो, पण माझ्या अनुभवात चावणारा फेरेट बहुतेक वेळा घाबरलेला असतो, आणि घाबरलेला फेरेट मोठ्या सशाने पाय झाडले की आधी मागे वळतो. म्हणून तुझी बायको आणि आजोबा एकमेकांच्या विरुद्ध काही मागतायत असं मला वाटतच नाही. न घाबरणारं जनावर दोघांनाही चालेल.

आता नर निवडायचा तर काय बघायचं. खाण तशी माती, त्यामुळे स्वभाव दोन्हीकडून बघ, आईचा जास्तच, कारण पिल्लं पहिले आठवडे तिच्यासोबत काढतात आणि माणसाचा हात आल्यावर दचकायचं की नाही हे पिल्लं तिच्याकडून शिकतात. नर बघायला शक्यतो थंडीच्या सुरुवातीला जा. जानेवारीनंतर तो माजावर येतो, वास, दुसऱ्या नरांशी भांडणं, सगळं वाढतं आणि मूळ स्वभाव झाकला जातो. मालकाला सांग, उचलू नका, मी उचलतो. अनोळखी हातात तो काय करतो ते बघ. मग त्याला कामावर बघ, एक सकाळ तरी, आत जायला कुरकुर करतो का, रिकाम्या बिळातून लगेच परत येतो का, बाहेर आल्यावर मालकाकडे बघतो का. अंगकाठी मध्यम बरी. फार मोठा नर बिळाच्या तोंडावरच्या जाळीत अडकतो, हे मी बघितलंय.

या सगळ्यात आजोबांचा पांढरा नर चांगलाच बसतो. चार हिवाळे कामावर आणि स्वभावाने गाय, अजून काय हवं? पांढरेपणाची भीती काढून टाक. पांढरा, लाल डोळ्यांचा रंग दबलेल्या जनुकाचा आहे, आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. काजळ ते जनुक लपवून बाळगत नसेल तर एकही पिल्लू पांढरं होणार नाही. बाळगत असेल तर साधारण निम्मी पांढरी. आणि निम्मी पांढरी झाली तर काय बिघडलं, कित्येक कामाची माणसं मुद्दाम पांढरा मागतात कारण काटेरी झुडपांत, संध्याकाळच्या उजेडात तो लगेच दिसतो, आणि सोबतच्या कुत्र्याला किंवा बंदूकवाल्याला ससा वाटत नाही. ज्या डोक्यावरच्या पांढऱ्याची काळजी करायची ती वेगळी: गडद अंग पण कपाळावर पांढरा पट्टा, किंवा अख्खं डोकं पांढरं, अशा पिल्लांत जन्मजात बहिरेपण बरंच आढळतं. अशांपासून पुढे पिल्लं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलास. काजळ आजोबांकडून आलीये. नरही आजोबांचा. दोघांचं नातं काय? त्यांना विचार, काजळची आई कोण, बाप कोण, या नराची आई कोण. भाऊबहीण, बापलेक निघाले तर हा नर बाद, कितीही गुणी असला तरी. आजोबांना आठवत नसेल तरी बादच धर. नातं नसेल तर दोघांची अल्यूशियन रोगासाठी रक्त तपासणी कर, हा विषाणू फेरेटमधे वर्षानुवर्षं लपून राहतो, आईकडून पिल्लांना जातो आणि त्यावर इलाज नाही. आणि काजळला डिस्टेंपरची लस झालेली असू दे, कुत्र्यांचाच तो रोग, फेरेटला झाला तर जवळजवळ वाचत नाही.

पिल्लं झाल्यावर स्वभाव घडवायचं काम तुझं. ४२ दिवस पोटात, एका वेळेला सात-आठ सहज होतात, जन्मतः करंगळीच्या पेराहून थोडी मोठी, आंधळी, बहिरी. पहिले काही दिवस पेटीत डोकावू नकोस, घाबरलेली आई पिल्लं खाऊन टाकते, फक्त आवाज ऐक. तीन आठवड्यांच्या सुमारास ती डोळे मिटलेलेच असताना मांसाच्या तुकड्याकडे सरपटत येतात, काय सुंदर दिसतं ते, नाक वर, मान डुलतेय, आणि तुकडा सापडला की सगळी एकावर एक. तेव्हापासून काजळला बाहेर काहीतरी खायला देऊन गुंतव आणि रोज दोन वेळा प्रत्येकाला एक मिनिट तळहातावर घे. डोळे उघडतात चार ते पाच आठवड्यांनी. उघडतील तेव्हा तुझ्या हाताचा वास त्यांना आधीच ओळखीचा असला पाहिजे. पाचव्या आठवड्यापासून नुसती धिंगाणा घालतात आणि चावतात, एकमेकांना जसं चावतात तसंच तुला, हा खेळ आहे, हात झटका देऊन मागे ओढू नकोस, खाली ठेव आणि परत उचल. मुलीलाही शिकव, बसून, जमिनीवर, दोन हातांनी, तू शेजारी असताना. खाण्यात वेगवेगळं दे, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे वास नाकात बसतात तेच त्यांना पुढे अन्न वाटतं, नव्या घरी गेल्यावर उपाशी राहिलेली पिल्लं मी बघितलीयेत.

आता ये भावाकडे. आधी एक गोष्ट मान्य करू की पिल्लांवर पैसे मिळवायचा हा धंदा नाही. एक जिल आठ पिल्लं देते, घरोघरी चुकून पिल्लं होतात, दर उन्हाळ्यात फेरेट सांभाळणारी आश्रमं भरून वाहतात. त्यात कामाची घरं कमीच झालीयेत, १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला तेव्हा ससे जवळजवळ संपले होते, मग सावरले, आणि आता सशांच्या रक्तस्रावी रोगाच्या २०१० मध्ये फ्रान्समध्ये सापडलेल्या नव्या प्रकाराने परत कित्येक ठिकाणी बिळं ओस पडलीयेत. आजोबांचा १५ चा भाव जुन्या काळातला नाही तर आत्ताचाच आहे, शेतावरचा, लस नाही, कातडीखालची ओळखीची चिप नाही, काही बिघडलं तर तुमचं तुम्ही.

तू कागद घे आणि स्वतःचा हिशोब मांड. तपासणी, लस, काजळचं गर्भारपणातलं जास्तीचं खाणं, आठ पिल्लांचं पाच-सहा आठवड्यांचं मांस, आणि एक आकडा जो कुणी मांडत नाही: दोन पिल्लं कुणी नेलीच नाहीत तर ती आठ वर्षं तुझ्याकडे राहणार. आता यातला रंगाचा खर्च किती? काहीच नाही. मग रंगाचे पैसे घेऊ नकोस. गडद, पांढरं, नर, मादी, एकच भाव. मी तुझ्या जागी असते तर ३० ते ४० पौंडांच्या मधे ठेवला असता, पहिली लस आणि चिप तू केलीस तर त्याची पावती दाखवून तेवढे वर, आणि दोन एकत्र नेणाऱ्याला कमी, कारण एकटं फेरेट कुढतं. फुकट मात्र देऊ नकोस. फुकटचं जनावर माणूस विचार न करता उचलतो. ८० ही नको, कारण ८० पौंड देणारा तुझ्याकडून जंगली पोलकॅट विकत घेतोय असं समजून येईल, आणि चार महिन्यांनी पिल्लू सोफ्यावर झोपलं तरी तक्रार करेल, चावलं तरी तक्रार करेल.

आणि आठ आठवड्यांच्या पिल्लाला 'कामाचं' म्हणून विकू नकोस, बाबा. ते अजून बिळात गेलेलंच नाही. मे अखेरचं पिल्लू नोव्हेंबरच्या आसपास पहिल्यांदा छोट्या बिळावर नेण्याएवढं होतं, आणि ते कसं निघालं हे पहिला हिवाळा संपेपर्यंत कळत नाही. जाहिरातीत लिही 'आईबाप दोघं कामाचे, येऊन बघा', आणि येणाऱ्याला खरंच काजळ हातात दे. कामाचे म्हणून जास्त पैसे घ्यायचेच असतील तर एक-दोन पिल्लं ठेव, एक हिवाळा शिकव, हरवलं तरी परत येतं, हाताला येतं, आत मारून बसत नाही हे दाखवता आलं की मग माग दुप्पट-तिप्पट, लोक आनंदाने देतात, कारण ते तुझ्या एका हिवाळ्याचे पैसे आहेत.

दोन नियम कायद्याचे. सोळाच्या आतल्या मुलाला प्राणी विकता येत नाही, २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात आहे. आणि इंग्लंडमध्ये २०१८ पासून नफ्यासाठी पाळीव प्राणी विकण्याचा व्यवसाय केला तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. एखादं बाळंतपण खर्च निघेल एवढ्या भावात देणं वेगळं आणि दरवर्षी कमाई म्हणून करणं वेगळं, तुझं कुठे बसतं ते कौन्सिलला आधीच एक ईमेल टाकून विचार.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक पिल्लासोबत लेखी दे की कधीही, कुठल्याही कारणाने, परत घेईन. मी हे नंतर शिकले. माझं एक पिल्लू अकरा महिन्यांनी परत आलं, तेही मला कुणाकडून तरी कळलं म्हणून, नखं वळून पंजात रुतलेली होती आणि हात पाहून ते कोपऱ्यात मागे सरकत होतं, जे पिल्लू माझ्या बाहीत झोपायचं ते. तेव्हापासून मी देताना फोन नंबर घेते आणि आधी पहिल्या आठवड्यात, मग पहिल्या थंडीत स्वतः फोन करते. आणि घरं आधी बघते. आधी लगीन कोंढाण्याचं म्हणतात ना, तसं आधी घरं, मग नर. निदान पाच माणसं तुझ्या घरी येऊन, काजळला उचलून, बघून गेलेली असल्याशिवाय तिला नराकडे नेऊच नकोस.

तर मी काय करेन सांगू? अर्ध्या जंगली नराला नम्रपणे नाही म्हण. आजोबांकडे चहाला बसून वंशावळ विचार. नातं निघालं, किंवा पाच घरं मार्चअखेर मिळाली नाहीत, तर या वर्षी जिल जॅब आणि पुढच्या थंडीत दोन-तीन शेतांवर जाऊन नर शोध. नातं नसेल, तपासण्या स्वच्छ आल्या आणि घरं असतील तर पांढऱ्या नराकडे ने. दिवसाउजेडी ने, मान धरून ओढाओढ बघून घाबरू नकोस, ते तसंच असतं, तासभर चालू शकतं. १५ एप्रिलला संग झाला तर २७ मेच्या आसपास पिल्लं, जुलैच्या सुरुवातीला सगळ्यांचे डोळे उघडे, आणि २२ जुलैला आठ आठवडे पूर्ण, त्याआधी एकही बाहेर जायला नको, दहा आठवडे ठेवलीस तर आणखी बरं. आणि दूध तुटल्यावर काजळ परत माजावर येईल, दोनेक आठवड्यांतच, त्या वेळचं इंजेक्शन आत्ताच व्हेटशी बोलून ठेव, पिल्लांच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं. मार्च लागला की दर दोन दिवसांनी तिची शेपटी उचलून बघत जा, सूज दिसली की त्याच आठवड्यात व्हेटला फोन कर, आणि वंशावळीत काय निघालं ते मला कळव.